प्रत्येक वयाला आरोग्याचे एक उद्दिष्ट

उन्हाळ्यात राब भाजावयाचा, मृगाच्या तोंडावर रोप टाकावयाचे आणि आषाढात लावणी उरकावयाची, हे मुळशीतल्या शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. भातशेतीत प्रत्येक काम त्याच्या वेळेला होते. रोप टाकावयाचे राहिले तर लावणीच्या वेळी कितीही माणसे लावली तरी उपयोग होत नाही. शेताच्या बाबतीत आपण जेवढे काटेकोर असतो, तेवढे शरीराच्या बाबतीत मात्र नसतो. मुलाला दहावीला किती टक्के मिळाले पाहिजेत हे आपण ठरवितो, घराच्या कर्जाचा शेवटचा हप्ता कोणत्या साली फिटेल हेही आपल्याला तोंडपाठ असते. पण ‘या वर्षी माझे वजन किती असावे, रक्तदाब किती असावा?’ असे विचारले तर बहुतेकांकडे उत्तर नसते. ‘तब्येत चांगली ठेवायची’ एवढेच आपण म्हणतो. दुखणे आले की दवाखाना गाठतो. यालाच तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणतात.

आरोग्याचेही उद्दिष्ट ठरविता येते आणि ते प्रत्येक वयात वेगळे असते. आजच्या लेखात त्याचाच विचार करू.

उद्दिष्ट कसे असावे?

चांगल्या उद्दिष्टाच्या तीन खुणा आहेत. पहिली, ते मोजता आले पाहिजे. ‘व्यायाम वाढविणार’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालणार’ हे उद्दिष्ट झाले. दुसरी, त्याला मुदत हवी. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे ते त्या वयाला साजेसे हवे. पंचविशीतल्या तरुणाने आजोबांसारखे पथ्य पाळण्याचे कारण नाही आणि सत्तरीच्या आजोबांनी तरुणांबरोबर तालमीत उतरण्याचेही कारण नाही. एका वेळी एक किंवा दोनच उद्दिष्टे घ्यावीत. दहा गोष्टी एकदम ठरविल्या की पंधरा दिवसांत दहाही सुटतात.

काम गेले, जेवण तेच राहिले

मुळशी तालुक्याला या विषयाची गरज विशेष आहे. दोन पिढ्यांपूर्वी येथील माणूस दिवसभर चढ-उतार चालत असे. चिखलणी, लावणी, गवत कापणे, डोक्यावरून पाणी आणणे, लाकूडफाटा गोळा करणे यांतच त्याचा व्यायाम होई. नंतर पिरंगुटला कारखाने आले, हिंजवडी-माणला आयटी पार्क उभे राहिले, भूगाव-भुकूमपर्यंत शहर येऊन पोहोचले. अनेकांच्या जमिनी विकल्या गेल्या, दारात मोटारसायकल आली आणि पौडच्या बाजारापर्यंतही चालत जाणे बंद झाले. ताटातला भात मात्र नांगर धरणाऱ्या आजोबांच्या मापाचाच राहिला. त्याच्या जोडीला वडापाव, फरसाण, बाटलीबंद थंड पेये आणि दिवसातून सहा वेळा साखरेचा चहा आला.

अशा वेळी ‘आमच्या आजोबांना कुठे मधुमेह होता?’ हा युक्तिवाद उपयोगाचा नाही. आजोबा जे खात होते ते खर्चही करीत होते.

बारीक म्हणजे निरोगी नव्हे

‘मी तर किडकिडीत आहे, मला कसला मधुमेह होतो?’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. या समजुतीला धक्का देणारे काम आपल्याच जिल्ह्यात झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत माता व बालकांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. त्या गावांतील स्त्रियांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या त्यांच्या बाळांचे सरासरी वजन होते सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील ज्या बाळांशी तुलना केली त्यांचे सुमारे ३.५ किलो. आपली बाळे लहान होती हे दिसतच होते. पण बारकाईने मोजल्यावर असे आढळले, की त्यांचे स्नायू आणि पोटातील अवयव कमी वाढलेले होते, कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, पण आतून चरबीचे प्रमाण जास्त, असे हे शरीर.

मोठेपणीही हे चित्र कायम राहते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने दोघांचेही वजन अगदी सारखे होते. बॉडी मास इंडेक्स, म्हणजे वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, दोघांचाही २२.३ होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के!

त्या सहा खेड्यांत जन्मलेली मुले आज तिशीच्या आसपास आहेत. ती अठरा वर्षांची झाली तेव्हा केलेल्या तपासणीत त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची साखर मधुमेहाच्या वाटेवर असल्याचे दिसले. ही मुले लठ्ठ नव्हती, ती साध्या शेतकरी कुटुंबांतील होती.

यातून घ्यावयाचा धडा असा, की आपल्या शरीराचा पाया कमी भांडवलावर उभा असतो. म्हणून आपली उद्दिष्टे लवकर सुरू झाली पाहिजेत, आणि ती केवळ ‘वजन कमी करा’ एवढ्यापुरती असून चालणार नाहीत. आता एकेक वय पाहू.

जन्म ते पाच वर्षे : वाढीची रेघ

या वयाचे उद्दिष्ट आईवडिलांनी ठरवावयाचे असते. जन्मानंतर पहिल्या तासात बाळाला अंगावर घ्यावे. मध, साखरपाणी, गुटी असे काही देऊ नये. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, पाणीदेखील नको. सहा महिने पूर्ण होताच घट्ट वरण-भात, नाचणीची खीर, कुस्करलेले केळे, उकडलेले अंडे असे वरचे अन्न सुरू करावे आणि अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे.

लक्षात ठेवावयाचे आकडे सोपे आहेत. जन्मवजन पाच महिन्यांत दुप्पट, वर्षाला तिप्पट आणि दोन वर्षांनी चौपट व्हावे. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून वाढीच्या तक्त्यावर टिंब टाकले जाते. त्या टिंबांची रेघ वर चढत आहे ना, एवढे आईने पाहावे. ती सपाट झाली तर महिनाभर वाट पाहू नये. लसीकरणाचे कार्ड रेशनकार्डाइतकेच जपून ठेवावे.

सहा ते बारा : मैदान आणि झोप

या वयात रोज एक तास तरी घाम येईपर्यंत खेळणे हे मुख्य उद्दिष्ट. लंगडी, कबड्डी, खो-खो, सायकल काहीही चालेल. मुळशीला कुस्तीची परंपरा आहे. २०१७ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा भूगावला भरली होती. मुलगा किंवा मुलगी तालमीत जात असेल तर उत्तमच. दुसरे उद्दिष्ट रात्री किमान नऊ तासांच्या झोपेचे. मोबाईल उशाशी असेल तर हे साधत नाही. वर्षातून दोनदा शाळेत मिळणारी जंताची गोळी चुकवू नये. जंत पोटात राहिले तर खाल्लेले अंगी लागत नाही.

तेरा ते एकोणीस : रक्त आणि हाडे

हे वय आपण सर्वांत जास्त दुर्लक्षितो. मुलगा ‘वाढत्या वयाचा’ म्हणून त्याला दूध-अंडी मिळतात, मुलीला मात्र ‘आता पुरे’ असे सांगितले जाते. खरे तर पाळी सुरू झालेल्या मुलीची लोहाची गरज मुलापेक्षा अधिक असते. २०१९-२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला.

मुलीचे उद्दिष्ट एका आकड्यात सांगता येते : हिमोग्लोबिन १२. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यावी. त्या वेळी चहा घेऊ नये, कारण चहामुळे लोह अंगात शोषले जात नाही. लिंबू, आवळा, पेरू यांमुळे मात्र ते अधिक शोषले जाते. पावसाळ्यात आपल्या डोंगरात टाकळा, कुर्डू यांसारख्या रानभाज्या फुकट मिळतात. त्या ‘गरिबांचे खाणे’ म्हणून टाकू नयेत.

हाडांची भरती विशीपर्यंत जोमाने चालते. या वयात भरलेली हाडे म्हातारपणापर्यंत पुरवावयाची असतात. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. आपल्या उतारांवर पिकणारी ही नाचणी ताटातून जवळजवळ गेली आहे. ती आठवड्यातून तीन-चार वेळा तरी परत आणावी.

माळकरी घरांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. बी-१२ हे जीवनसत्त्व धान्य, डाळ किंवा भाजीत नसते. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. वर सांगितलेल्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांमध्ये ते कमी आढळले होते. म्हणूनच २०१२ पासून संशोधकांनी त्याच अभ्यासातील मुलामुलींना किशोरवयातच बी-१२ देऊन पुढच्या पिढीच्या बाळांवर काय परिणाम होतो, हे पाहण्याचे काम हाती घेतले. शाकाहारी घरात प्रत्येकाला रोज दूध-दही मिळेल असे पाहावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गरजेप्रमाणे गोळी घ्यावी. अंगात माळ असणे आणि अंगात बी-१२ असणे या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

९ ते १४ या वयात मुलींना दिलेली एचपीव्ही लस पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून मोठे संरक्षण देते, हेही पालकांनी लक्षात ठेवावे.

विशी : पुढच्या पिढीची तयारी

घरात सून आली की ‘गोड बातमी’ची घाई होते. त्याआधी वजनकाट्याची बातमी घ्यावी. पाच फूट उंचीच्या स्त्रीचे वजन दिवस राहण्यापूर्वी किमान ४३ किलो असावे. रक्त १२ असावे. फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्यापूर्वीच सुरू करावी, कारण बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू यांची घडण पहिल्या काही आठवड्यांतच होते. पुष्कळदा त्या वेळी दिवस गेल्याचे कळलेलेही नसते.

गरोदरपणाची नोंद १२ आठवड्यांच्या आत करावी. त्यानंतर किमान चार तपासण्या, १८० लोहगोळ्या, कॅल्शियम आणि साखरेची तपासणी ही या काळातील उद्दिष्टे आहेत. साखर एकदा पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान तपासावी. मूळ वजन ठीक असेल तर नऊ महिन्यांत १० ते १२ किलो वजन वाढावे. ‘जास्त खाल्ले तर बाळ मोठे होते आणि सुटका अवघड जाते’ या धाकाने अर्धपोटी राहणाऱ्या सुना आजही आहेत. पुणे जिल्ह्यातील त्या अभ्यासात असे दिसले, की गरोदरपणी पालेभाज्या, दूध आणि फळे वरचेवर खाणाऱ्या मातांची बाळे अधिक चांगल्या वजनाची होती, आणि कष्टाची कामे जास्त करावी लागणाऱ्या मातांची बाळे लहान होती. तेव्हा वाफ्यातली पालेभाजी सुनेच्या ताटात आणि डोक्यावरचा हंडा मुलाच्या खांद्यावर, एवढा बदल सासूबाईंनी केला तरी नातवाचे निम्मे आरोग्य साधले.

मिश्रीचे मात्र नाव काढावेच लागेल. दात घासण्याच्या निमित्ताने लागणारी ही सवय म्हणजे तंबाखूचे व्यसनच होय. गरोदरपणी तिच्यामुळे बाळाचे वजन घटते.

तिशी ते पन्नाशी : सुतळीचे माप

आमच्या मते आपल्या भागात आज सर्वांत धोक्याचे वय हेच आहे. कारखान्याची पाळी, रात्रीचे जागरण, धाब्यावरचे जेवण, कर्जाचा ताण आणि ‘मला काय झालंय?’ ही वृत्ती या वयात एकत्र येतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि त्याहूनही अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

पहिले उद्दिष्ट पोटाचा घेर. त्यासाठी यंत्र लागत नाही, सुतळी पुरते. आपल्या उंचीएवढी सुतळी तोडा, ती दुहेरी करा आणि बरगड्यांची खालची कड व कमरेचे हाड यांच्या मध्यावर पोटाभोवती गुंडाळा. टोके जुळली तर ठीक. जुळली नाहीत तर पोटात नको तेवढी चरबी साठली आहे. टेपने मोजावयाचे असेल तर पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रियांचा ८० च्या आत असावा. साडेपाच फूट उंचीच्या पुरुषाचे वजन ६५ किलोच्या आत असणे चांगले. पण वजन बरोबर असूनही सुतळी पुरत नसेल तर सुतळीवर विश्वास ठेवावा.

दुसरे उद्दिष्ट तपासणी. रक्तदाब १४०/९० च्या खाली हवा. उपाशीपोटी साखर १०० च्या खाली हवी. ती १०० ते १२५ असेल तर धोक्याची घंटा आणि १२६ किंवा अधिक असेल तर बहुधा मधुमेह, मात्र त्याची खात्री दुसऱ्यांदा तपासून करावी. हे दोन्ही विकार बराच काळ काहीही त्रास देत नाहीत. चक्कर आली नाही म्हणजे रक्तदाब नाही, असे समजू नये. सरकारी आरोग्य केंद्रांत ३० वर्षांवरील सर्वांचा रक्तदाब, साखर, तोंडाची तपासणी आणि स्त्रियांची स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी करण्याची सोय ठेवलेली आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत झाले आहेत. त्यामुळे पैसे नाहीत ही सबब उरलेली नाही, आळस ही एकच उरली आहे.

तिसरे उद्दिष्ट ताट. अर्धे ताट भाजी-कोशिंबिरीने भरावे, पाव ताट डाळ, उसळ, अंडी किंवा मासे यांनी आणि उरलेल्या पावात भात-भाकरी असावी. आपला इंद्रायणी किंवा आंबेमोहोर तांदूळ सोडण्याची गरज नाही, त्याचा ढीग लहान करावा. मीठ माणशी दिवसाला सपाट एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत. त्यात लोणचे, पापड, सुकट यांतलेही मीठ धरावे. चार माणसांच्या घराला महिन्याकाठी दोन ते अडीच लिटर तेल पुरले पाहिजे.

चौथे उद्दिष्ट आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे आणि आठवड्यातून दोन दिवस जोर-बैठका किंवा वजन उचलण्याचा व्यायाम. आपल्या शरीरात स्नायू मुळातच कमी असतात, म्हणून नुसते चालणे पुरत नाही. साखर जाळण्याचे मुख्य ठिकाण स्नायू हेच आहे.

तंबाखू, गुटखा, विडी यांच्याबाबत उद्दिष्ट एकच : तारीख ठरवून बंद. विडी-सिगारेट सोडल्यानंतर एका वर्षात हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळजवळ निम्म्यावर येतो. मदत हवी असल्यास १८००-११-२३५६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे.

साठीनंतर : स्वतःच्या पायावर

या वयात रक्तदाब-साखरेच्या गोळ्या नियमित घेणे तर आहेच. पण मुख्य उद्दिष्ट असावे स्वावलंबनाचे. ‘शेवटपर्यंत कोणाच्या हाताखाली जाऊ नये’ अशी प्रत्येकाची इच्छा असते. त्या इच्छेचेही मोजमाप आहे. खुर्चीवर बसा, हात छातीशी घ्या आणि पाच वेळा पूर्ण उभे राहून बसा. पंधरा सेकंदांच्या आत झाले तर पायांत बळ आहे. जास्त वेळ लागला तर रोज सकाळ-संध्याकाळ हाच व्यायाम आधार जवळ ठेवून करावा. आठवड्यातून तीन दिवस भिंतीजवळ उभे राहून एका पायावर तोल सांभाळण्याचाही सराव करावा.

मुळशीचा पाऊस कसा असतो ते सांगावयास नको. ओटे आणि अंगण शेवाळतात आणि तेथेच खुब्याचे हाड मोडते. मोरीत व संडासात पकडायला दांडी, रात्री दिवा आणि न घसरणारी चप्पल हा औषधांइतकाच महत्त्वाचा खर्च आहे. वर्षातून एकदा डोळे तपासावेत. मोतीबिंदू ‘पिकू द्यावा’ म्हणून थांबण्याची आता गरज नसते. ‘म्हातारपणी खायचे किती?’ असे म्हणून चहा-पोळीवर दिवस काढू नये. डाळ, दूध, अंडी यांची गरज म्हातारपणी कमी होत नाही. भजन, हरिपाठ, पारावरच्या गप्पा सोडू नयेत. एकटेपणानेही प्रकृती ढासळते. ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण २०२४ पासून मिळते. त्याचे कार्ड आजारी पडण्यापूर्वीच काढून ठेवावे.

घरातली एक वही

वाचकहो, हे सर्व वाचून विसरण्यासाठी नाही. दुधाचा हिशेब जसा वहीत असतो, तसे घरातील प्रत्येकासाठी एक पान करा. त्यावर नाव, वय, वजन, घेर, रक्तदाब, साखर किंवा हिमोग्लोबिन लिहा आणि खाली या वर्षाचे एकच उद्दिष्ट लिहा. दर तीन महिन्यांनी आकडे पुन्हा भरा. एखादे उद्दिष्ट हुकले तर वही बंद करू नका, ते लहान करून पुन्हा लिहा. अर्धा तास जमत नसेल तर दहा मिनिटांपासून सुरुवात करा.

ज्यांचे लहानपण अर्धपोटी गेले त्यांनी ‘आता काय उपयोग?’ असे म्हणू नये. पाया कच्चा असला तरी भिंती नीट सांभाळता येतात. आणि ज्यांच्या घरात आज लहान मूल किंवा नवी सून आहे, त्यांना तर पाया भरण्याचीच संधी आहे. ती वेळ गेली की परत येत नाही. आज रात्री जेवणे झाल्यावर सुतळीचा एक तुकडा काढा आणि घरातल्या कर्त्या माणसापासून सुरुवात करा.